डिस्टार की हायस्कोप?

१९६०च्या दशकात अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांना शिकवण्याच्या दोन उलट्या वाटा निघाल्या. इलिनॉयमध्ये कार्ल बेरायटर यांच्यासोबत बालवर्ग चालवणारे झिगफ्रीड एंगलमन मूळचे जाहिरात क्षेत्रातले. त्यांच्या पद्धतीत शिक्षकाने काय बोलायचं ते शब्दन्‌शब्द लिहिलेलं. शिक्षक खूण करतो, लहानसा गट एका सुरात उत्तर देतो. चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्ती आणि पुन्हा तोच प्रश्न. मुलं अडखळली तर दोष मुलांचा नाही, शिकवण्याचा, असं एंगलमन मानत. मला त्यांची हीच भूमिका सगळ्यांत मोलाची वाटते. या कामातूनच 'डिस्टार' हा वाचन-गणित शिकवण्याचा कार्यक्रम आला.

दुसरी वाट मिशिगनमध्ये, डेव्हिड वाइकार्ट यांची हायस्कोप ही बालशिक्षणाची पद्धत. तिथे मूल काय करायचं ते आधी ठरवतं, करतं, मग त्याबद्दल बोलतं. शिक्षक सोबतीला.

गरीब मुलांना शिकवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती शाळांत ताडून पाहणाऱ्या सरकारच्या 'फॉलो थ्रू' प्रकल्पात दोन्ही पद्धती उतरल्या. १९७७च्या मूल्यमापनात एंगलमन यांची पद्धत पुढे होती. तीही नुसत्या वाचन-गणितात नाही, मुलांच्या आत्मविश्वासातसुद्धा! (घोकंपट्टीने मुलं दबतात म्हणणाऱ्यांची पंचाईतच.) आक्षेपही आले: एकाच पद्धतीचे गावोगावचे निकाल फार वेगळे होते. पुढे वाइकार्ट यांच्याच संस्थेने एंगलमन यांच्या पद्धतीत शिकलेल्यांनी किशोरवयात गैरवर्तन जास्त केल्याचं मांडलं. पण पाहणी छोटी, आणि करणारे स्वतःच स्पर्धक.

वाचायला शिकवायचं तर मी डिस्टार घेईन. खेळाचा, चित्रांचा तास मात्र वाइकार्ट यांच्याकडे.