पुनर्बांधणीच्या काळातले सीझन तिकीट : डेट्रॉइट पिस्टन्स, २०२१ ते २०२५

पिस्टन्स हा एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला डेट्रॉइटचा संघ. त्याचे घरचे मैदान असलेल्या लिटल सीझर्स अरेनामध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर, कोपऱ्याकडच्या विभागात आमची दोन आसने आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यात ड्राफ्टमधील, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेतील, पहिली निवड पिस्टन्सच्या वाट्याला आली आणि केड कनिंगहॅम संघात दाखल झाला. त्याच उत्साहात मी पूर्ण सीझनची वर्गणी भरली आणि २०२४-२५ संपेपर्यंत ती एकदाही खंडित होऊ दिली नाही. नोव्हाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांतील ओळखीची मराठी कुटुंबे ‘मुलांसाठी हे तिकीट घ्यावे का’ असे अधूनमधून विचारतात. त्यांना दर वेळी तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा चार वर्षांचा अनुभव एकदाच नीट लिहून ठेवतो.

या वर्गणीत नियमित सीझनचे घरच्या मैदानावरील ४१ सामने मिळतात. तिकिटे फोनवर येतात, ज्या दिवशी जाणे जमत नाही त्या दिवसाची तिकिटे पुढे विकता येतात, आणि संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, पोहोचला तर तिकिटे घेण्याचा पहिला हक्क आपला असतो, पैसे अर्थात वेगळे. पहिली तीन वर्षे हा शेवटचा हक्क आमच्याकडे लग्नातल्या चांदीच्या ताटासारखा होता. आहे एवढेच समाधान, काढायची वेळ काही येत नव्हती.

पुनर्बांधणी हा शब्द ऐकायला बांधकाम खात्याचा वाटतो, परंतु त्याचा अर्थ सरळ आहे. महागडे, अनुभवी खेळाडू सोडून द्यायचे, तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधील निवडी गोळा करायच्या आणि काही वर्षे हरण्याची तयारी ठेवायची. ट्रॉय वीव्हर यांनी जून २०२० मध्ये जनरल मॅनेजर म्हणून सूत्रे हाती घेतल्यानंतर पिस्टन्सने हेच केले. मी पैसे भरले त्या पहिल्या सीझनमध्ये संघाने २३ सामने जिंकले आणि ५९ गमावले. दुसऱ्या वर्षी कनिंगहॅमच्या नडगीवर शस्त्रक्रिया झाली, तो केवळ १२ सामने खेळला, आणि आकडा १७-६५ वर आला. तिसऱ्या वर्षी १४-६८, म्हणजे या संघाच्या इतिहासातील सर्वांत वाईट सीझन.

हरण्यातून जे मिळायचे ते लॉटरीतून, म्हणजे ड्राफ्टमधील निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीतून, मिळायचे होते, आणि तिकीट घेणाऱ्याने नीट समजून घेण्यासारखी बाब हीच आहे. २०१९ पासून लागू झालेल्या आणि या काळात चालू असलेल्या नियमांनुसार तळाच्या तीन संघांना पहिल्या निवडीची प्रत्येकी १४ टक्केच संधी होती, आणि सर्वांत तळाचा संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के होती. २०२३ मध्ये पिस्टन्स तळाला होते. सगळ्यांना हवा असलेला तरुण खेळाडू व्हिक्टर वेंबान्यामा सॅन अँटोनिओच्या संघाकडे गेला आणि आमच्या हाती पाचवी निवड आली. २०२४ मध्ये पुन्हा तळाला, पुन्हा पाचवी. हरण्याचा मोबदला म्हणून जे दाखवले जाते, ते नाणेफेकीपेक्षा फारसे भरवशाचे नाही, हे मला दोनदा पैसे भरून कळले.

माझे वडील सांगलीत असतात आणि कबड्डीखेरीज दुसऱ्या खेळाला ते फारसे मानत नाहीत. सामना संपवून घरी निघालो की तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात, त्यामुळे परतीच्या वाटेवर गाडीतून त्यांना फोन करण्याचा परिपाठ पडला. एका रात्री त्यांनी विचारले, “काय रे, आज तरी?” मी नाही म्हणालो. “मग तोंड पाडून का बोलतोयस? हरलं की चांगला पोरगा मिळतो, असं परवा तूच सांगत होतास ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आपला संघ हरावा हे गणिताने पटते, पण चौथ्या क्वार्टरमध्ये दोन गुणांचे अंतर राहिले की गणित आठवत नाही.

डिसेंबर २०२३ बद्दल वेगळे लिहिलेच पाहिजे. त्या वर्षी संघाने पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकले आणि त्यानंतर सलग २८ गमावले. एका सीझनमध्ये इतके सलग पराभव एनबीएमध्ये कोणत्याही संघाने पाहिले नव्हते. २६ डिसेंबरला ब्रुकलिन नेट्सविरुद्ध कनिंगहॅमने ४१ गुण केले, तरीही सत्ताविसावा पराभव झाला, आणि त्या महिन्यात ‘संघ विका’ ही मालक टॉम गोरस यांना उद्देशून दिलेली घोषणा अरेनात वारंवार उठत होती. दोन दिवसांनी बॉस्टनमध्ये मध्यंतराला १९ गुणांची आघाडी होती. ती घालवून ओव्हरटाइममध्ये हरलो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्या दिवसांत आमच्याच विभागातील काही आसने पुनर्विक्रीत पार्किंगच्या दरापेक्षा स्वस्तात दिसत होती, आणि संगीत थांबले की खाली लाकडी मैदानावर होणारी बुटांची करकर आमच्या रांगेपर्यंत ऐकू येत असे. (या अरेनातील मूळची लाल आसने बदलून काळी करण्यात आली आहेत. लाल रंगात रिकामेपण फारच उठून दिसायचे, हे आम्ही वर बसणारे शपथेवर सांगू.)

३० डिसेंबरला टोरोंटो रॅप्टर्स आले. त्याच दिवशी त्यांनी न्यू यॉर्कशी खेळाडूंची अदलाबदल केली होती, त्यामुळे त्यांचा संघ अपुरा होता. आम्ही १२९-१२७ ने जिंकलो. आमच्या विभागाच्या दाराशी तिकिटे पाहणारे एक आजोबा आहेत. ते जिन्यावर उभे राहून रुमालाने डोळे पुसत होते, आणि माझी नऊ वर्षांची मुलगी मला विचारत होती, “बाबा, आपण चॅम्पियन झालो का?” तीन विजय आणि २९ पराभव असलेल्या संघासाठी इतका जल्लोष मी पूर्वी पाहिला नव्हता. तो विजय तसा किरकोळ होता, हे मान्य. तरीही चार वर्षांतील कोणती एक संध्याकाळ पुन्हा विकत घ्याल असे विचारले, तर मी हीच घेईन.

मग हे तिकीट घेऊन मिळाले काय? विजयाच्या हिशेबाने पाहिले तर तीन वर्षे जवळजवळ काहीच नाही. परंतु एकाच आसनावरून एकच खेळाडू चार वर्षे वारंवार पाहिल्याने जे दिसते, ते टीव्हीवरच्या तुकड्यांत दिसत नाही. सुरुवातीला दोन बचावपटू अंगावर आले की कनिंगहॅम घाईने पास टाकायचा आणि चेंडू प्रेक्षकांत जायचा. चौथ्या वर्षी तोच खेळाडू सहकारी जेलेन ड्युरेनच्या आडोशाने वळून बचावपटूला पाठीवर घेतो, क्षणभर चक्क थांबतो, आणि कोपऱ्यातला माणूस मोकळा होईपर्यंत चेंडू हातातून सोडत नाही. आमच्या कोपऱ्यातून तो थांबा स्पष्ट दिसतो, आणि माझ्या मुलीला तो माझ्या आधी कळू लागला आहे.

मात्र त्या कोपऱ्यात चेंडू बास्केटमध्ये टाकू शकणारा माणूस हवा, आणि तो लॉटरीतून आलेला नव्हता. २०२४ च्या उन्हाळ्यात ट्रॅजन लँग्डन यांनी कारभार घेतला, जे. बी. बिकरस्टाफ प्रशिक्षक झाले, आणि टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर व मलिक बीझली हे मुरलेले खेळाडू आणले गेले. एकट्या बीझलीने त्या सीझनमध्ये ३१९ थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट, टाकले. १ जानेवारीला पाय मोडल्यामुळे जेडन आयव्ही बाहेर गेला, तरी संघ १४ विजयांवरून ४४ वर पोहोचला. म्हणून ‘धीर धरा, हरल्याने संघ घडतो’ हा जो माल चाहत्यांना विकला जातो, त्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. कनिंगहॅम, ड्युरेन, ऑसर थॉम्पसन हे पुनर्बांधणीतूनच मिळाले हे नाकारता येत नाही. पण त्यांच्याभोवती नेम धरू शकणारी माणसे दोन वर्षे आधी उभी करण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती, आणि त्या दोन वर्षांचे बिल आम्ही भरले.

व्यावहारिक बाबी थोडक्यात सांगतो. सर्वच्या सर्व सामन्यांना जाणे नोकरी करणाऱ्यास शक्य नाही. आम्ही एका ओळखीच्या कुटुंबाशी सामने निम्मे वाटून घेतले आणि तेच योग्य ठरले. वूडवर्ड मार्गावरची क्यू-लाइन ट्राम विनामूल्य आहे, तेव्हा गाडी थोडी दूर लावून तिने यावे. एका खासगी पार्किंगवाल्याने प्लेऑफच्या रात्री नेहमीच्या दराच्या तिप्पट मागितले, ते मी घाईत मुकाट्याने दिले आणि अजून विसरलेलो नाही. लहान मुलांसाठी वरचा मजला वाईट नाही, फक्त जिना उभा आहे.

चांदीचे ताट अखेर एप्रिल २०२५ मध्ये निघाले. न्यू यॉर्क निक्सविरुद्धच्या मालिकेतील दुसरा सामना पिस्टन्सने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १००-९४ ने जिंकला आणि २००८ पासून चालत आलेली प्लेऑफमधील सलग १५ पराभवांची मालिका तुटली. पाचवा सामनाही तिथेच जिंकला. घरचे तीनही सामने मात्र गमावले, दोन, एक आणि तीन गुणांनी. ९४-९३ च्या चौथ्या सामन्यात शेवटच्या क्षणी हार्डवेवर झालेला फाउल दिला गेला नाही, आणि पंचांनी नंतर तो द्यायला हवा होता हे मान्य केले. त्या रात्री वडिलांना मी फोन केला नाही, त्यांचाच आला. “एकाच गुणाने ना? मग आता घरी जाऊन जेव,” एवढेच ते म्हणाले.

हे अरेना २०१७ मध्ये उघडल्यापासून २०२५ च्या त्या मालिकेअखेरपर्यंत तेथे प्लेऑफचे पाच सामने झाले होते आणि पिस्टन्स पाचही हरले होते. पुढच्या सीझनची वर्गणी मी भरली आहे. आसने तीच ठेवली.