पाच चमच्यांचे २८ युरो

मुलगी फ्रान्समध्ये बोर्दोला शिकते, तिच्याकडे महिनाभर होतो. आमची निफाडला तीन एकर थॉमसन. "बाबा, जन्मभर द्राक्षं पिकवलीत, एकदा पहिल्या दर्जाची वाइन तरी प्या," म्हणून तिने एका बारमध्ये नेलं. तिथे कार्ड घातलं की यंत्रातून मोजून २५ मिलिलिटर पडते. पाच चमचे! बोर्दोकडच्या पोइयाक गावची, २०१४ सालची, पहिल्या दर्जाच्या पाच शातोंपैकी, म्हणजे वाइन करणाऱ्या मळ्यांपैकी, एकाची. २८ युरो, म्हणजे आपले अठ्ठावीसशेच्या आसपास.

वास मात्र काय सांगू. शिसपेन्सिलीला नुकतं टोक केल्यावर येतो ना, तो. मागून पिकलेलं जांभूळ. घोट घेतला आणि कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ आवळली. "अजून पंधरा वर्षं ठेवायला हवी होती," इति कन्या. मग आत्ता ग्लासात ओततात कशाला?

हा 'पहिला दर्जा' १८५५ चा. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी यादी हवी होती, ती केली बोर्दोच्या दलालांनी. वर्षानुवर्षं कुणाच्या मालाला काय भाव मिळतोय ते बघून. दलालांनी! आम्ही बागायतदार, मला हसूच फुटलं. तेव्हा भावावरून दर्जा ठरला, आता दर्जावरून भाव निघतो. त्यानंतर पहिल्या दर्जात बढती मिळाली ती एकट्या मूतों रोथशिल्डला, १९७३ मध्ये. शिवाय दर्जा शातोच्या नावाला, गट नंबरला नाही. त्याच हद्दीतला शेजारचा मळा विकत घेतला की त्याची द्राक्षंही त्याच लेबलाखाली जाऊ शकतात. आमच्या तलाठ्याला हे सांगून बघायला हवं.

१९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून चाखलं, तेव्हा रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची. म्हटलं, आपणही बघू. मुलीने शेजारच्या यंत्रातली ओ-मेदोक घेतली, त्याच भागातली साधी वाइन, २ युरोवाली. मी डोळे मिटले, तिने ग्लास फिरवले. वासावरून महागडी तिथल्या तिथे ओळखली. पण तोंडात घेतल्यावर दोन युरोवालीच बरी वाटली, दुसऱ्यांदाही. मुलीचं मत उलटं, आणि तिची जीभ आता तिथली झालीय, हेही खरं.

निघताना ओ-मेदोकच्या दोन बाटल्या घेतल्या. महागडीचा रिकामा ग्लास तेवढा पोरगा उचलायला येईपर्यंत नाकाशीच होता.