किराणा कुठून भरायचा: डिस्काउंट स्टोअर, मॉल की रविवार कारंजाची बाजारपेठ?

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला किंवा गंगापूर रोडच्या पुढे नव्याने राहायला आलेल्या घरात पहिल्याच महिन्यात हा विषय निघतो. माझं मत आधीच सांगते: एकच दुकान ठरवू नका, यादी वेगळी करा.

तेल, साबण, धुण्याची पावडर, बिस्किटं अशा पाकीटबंद मालात डिस्काउंट स्टोअरला तोड नाही. डी-मार्टचंच बघा. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान निघालं, तेव्हापासून गणित साधं आहे. बहुतेक जागा स्वतःच्या, त्यामुळे भाड्याचा बोजा कमी. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते होतात, म्हणून तोही भाव सोडतो. दिखाव्यावर फारसा खर्च नाही. वाचलेल्या पैशातूनच एमआरपीपेक्षा कमी दर परवडतो.

मात्र एमआरपीवर किती सुटले एवढंच बघून पिशवी उचलू नका. तेलाच्या दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. एक लिटरची, म्हणजे साधारण ९१० ग्रॅमची असते, दुसरीवर बारीक अक्षरात ८५० ग्रॅम लिहिलेलं सापडतं. पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतात तेही छापलेलं असतं. खरी तुलना त्या आकड्यांची. आणि पगारानंतरचा पहिला रविवार टाळा. त्या गर्दीत यादी बाजूला राहते आणि ट्रॉलीत पायपुसणी, डबे, आणखी एक बादली येऊन बसते! मधल्या वारी सकाळी गेलात तर निम्म्या वेळात काम होतं.

उंटवाडीच्या सिटी सेंटरसारखा मॉल या हिशोबात धरूच नये. तिथला दुकानदार भाडं, एसी, देखभाल सगळं भरतो आणि ते शेवटी आपल्याच बिलात येतं. पण कपडे-चपलांसाठी मी तिथेच जाईन. मापं मिळतात, घालून बघता येतं, मे महिन्याच्या उन्हात सासूबाईंना निवांत बसता येतं आणि स्वच्छतागृह शोधत फिरावं लागत नाही. हंगाम संपतानाचा सेल गाठला तर भावही बरा पडतो. फक्त सिनेमा, पॉपकॉर्न आणि पोरांच्या गेम झोनचा खर्च करमणुकीच्या खात्यात मांडा, नाहीतर मॉल उगाच महाग ठरतो.

धान्याची गोष्ट निराळी. वर्षाचा गहू-तांदूळ भरणाऱ्यांनी रविवार कारंजाच्या बाजूला किंवा ओळखीच्या धान्यवाल्याकडे जावं. जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर आणि त्याहून मोठ्या कट्ट्यावर नाही. शिवाय मूठभर गहू हातावर घेऊन, दाणा दाताखाली फोडून बघता येतो. पार्किंगचे तेवढे हाल आहेत, दुचाकी न्या आणि कट्टा रिक्षाने घरी पाठवायला सांगा.

राहिला कोपऱ्यावरचा वाणी. दर थोडा जास्त, पण रात्री नऊला अर्धा किलो साखर पोराच्या हाती देतो आणि वहीत मांडून ठेवतो. घरी गाडी नसेल, म्हातारी माणसं असतील, तर दहा-वीस रुपये जास्त देऊन त्याच्याकडेच महिना भरा. रिक्षाभाडं धरलं तर डिस्काउंट स्टोअरची बचत बऱ्याचदा तिथेच संपते.