गल्ल्याचा हिशेब चोख, पावतीचा आळस
जळगावात आमच्या घराजवळच्या या किराणा दुकानातून मी अनेक वर्षे कळण्याच्या पिठासाठी ज्वारी आणि उडीद घेत आलो आहे. माल निवडलेला असतो, भाव मात्र थोडे चढेच. गेल्या आठवड्यात 320 रुपयांचे बिल रोखीने चुकते केले आणि घरी येऊन पाहतो तर पाकिटात 20ची नोट तशीच, 200ची मात्र नाहीशी, त्यामुळे एकीऐवजी दुसरी दिली गेली की काय, या शंकेने रात्री नीट झोप लागली नाही. 2017 साली आलेली 200ची नोट उजळ पिवळी, 2019ची 20ची हिरवट पिवळी. लांबीत 17 मिलिमीटरचा फरक असला तरी घडी घातलेल्या नोटांत तो संध्याकाळच्या उजेडात कोणाला दिसणार?

सकाळी संकोचतच विचारले. "भाऊ, रात्री गल्ला जास्त भरला, पण कोणाचे ते कळेना," असे म्हणत मालकांनी वहीतील हिशेब दाखवला आणि 180 रुपये परत केले. छापील पावती मात्र येथे अजूनही मागितल्याशिवाय मिळत नाही.