वाचनालयातली चित्रविक्री: जा, पण रविवारी जा

मी पतसंस्थेत कॅशियर. नोट हातात आली की आधी उजेडाकडे धरायची, ही अंगवळणी पडलेली सवय. त्यामुळे आमच्या गावच्या वाचनालयात स्थानिक कलाकारांच्या वस्तू विकायला ठेवल्यात म्हटल्यावर इतरांनी कौतुक केलं, मी आधी पिशवीतून चष्मा काढला.

गाव कुडाळ-सावंतवाडी रस्त्यालगतचं. वाचनालय 'क' वर्गातलं, म्हणजे दोन खोल्या, तीन पंखे आणि त्यातला एक फिरणारा. मासिकांच्या मांडणीवरची भिंत मोकळी करून तिथे चित्रं टांगलीत आणि बालविभागाच्या लांब टेबलावर गंजिफा, म्हणजे खेळायचे चित्रांचे गोल पत्ते, आणि लाकडी फळं मांडलीत. वाचनालय विक्रीतले शेकडा दहा ठेवून घेतं, बाकीचे कलाकाराला. हा हिशोब कुठे लिहिलेला नाही, मी विचारला म्हणून कळला. लिहून लावायला हवा. 'भिंतीचा रंग अमुक यांच्या स्मरणार्थ' ही पाटी मात्र हातभर लांब आहे आणि चित्रकारांची नावं पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चिठ्ठीवर.

लाकडी फळांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चांगली आहेत, सावंतवाडीच्या चितार आळीत मिळतात तशीच आणि साधारण त्याच भावात. काजू मात्र झकास जमलाय. बोंडाचा लाल रंग देठाकडे पिवळा होत जातो तो नेमका धरलाय.

भिंतीवरची चित्रं कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या चित्रकथीच्या धाटणीची. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली आणि आमच्याच लोकांना आपल्याकडे असं काही आहे हे नव्याने कळलं. खरं तर ही चित्रं टांगायची नव्हेतच. ठाकर मंडळी पोथीतलं एकेक पान पुढे धरून, वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातली गोष्ट सांगायची. भिंतीवर टांगलं की चित्र उरतं, कथा जाते. चित्र करणारा मुलगा तिथेच होता म्हणून त्याला म्हटलं, हे काय चाललंय ते सांग बघू. त्याने जटायूचं पान उतरवून हातात घेतलं आणि सुरुवात केली. पेपर वाचणारे दोघं आजोबा पेपर खाली ठेवून ऐकत बसले. चित्र भिंतीवर असताना मी त्याच्यापुढे अर्धं मिनिटही थांबले नव्हते. एक तक्रार अशी की दोन चित्रं खिडकीसमोरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर आहेत. कोकणातल्या पावसात कागदाचं काय होतं ते वाचनालयवाल्यांना मी सांगायला हवं का?

आता गंजिफा. गंजिफा बघायची तर सावंतवाडीचा राजवाडा, हे आमच्याकडे ठरलेलं. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला जगवली, म्हणून आज हे गोल पत्ते रंगवणारे हात शिल्लक आहेत. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दहिल्ला, असे १२० पत्ते. टेबलावर हाताने रंगवलेले आणि छापील पत्ते शेजारी शेजारी होते आणि दोन्हींपुढे एकच चिठ्ठी: 'गंजिफा'. इथे माझ्यातली कॅशियर जागी झाली.

पेपरच्या टेबलावर म्हाताऱ्या वाचकांसाठी दोऱ्याने बांधलेलं भिंग असतं. दोरा सोडवून ते मागून घेतलं. मत्स्याचा अठ्ठा उचलला. छापील पत्त्यावरचे आठही मासे जुळे भाऊ, आणि भिंगाखाली निळा रंग बारीक ठिपक्यांत फुटलेला. हाताच्या पत्त्यावर प्रत्येक माशाची शेपटी वेगळी. एकाची जरा आखूड, एकाची वळताना जाड झालेली, कारण तिथे कुंचला टेकून उचललाय. रेघ संपताना केसाएवढी बारीक होते, ते छापखान्याला जमत नाही. छापील पत्ता वाईट नाही, मुलांना खेळायला तोच द्यावा. पण चिठ्ठ्या दोन हव्यात. ग्रंथपालबाईंना सांगितलं, त्यांनी लगेच पेन काढलं.

पत्ते रंगवणारे काका फक्त रविवारी सकाळी बसतात. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर पांढरा हात देऊन, घोटून पत्ता तयार करत. आता बहुतेक जाड पुठ्ठाच, हे त्यांनी न विचारता सांगितलं. न विचारता खरं सांगणारा विक्रेता मला नोटा मोजताना फारसा भेटत नाही.

पूर्ण संचाची किंमत ऐकून मी कर्जदारासारखी मान खाली घातली. मग त्यांनी एका अर्धवट राहिलेल्या संचातला मत्स्याचा रंग, बारा पत्ते, १,८०० रुपयांत देऊ केला. घासाघीस केली नाही. मोबाइलवरून पैसे जाईनात, भिंतीला रेंज नाही, म्हणून रोख दिले. पावती हवी म्हटलं तर विलंब शुल्काच्या पावतीपुस्तकातली फाडून दिली. आता वाचनालयाच्या दप्तरी माझ्या नावावर पुस्तक उशिरा दिल्याबद्दल १,८०० रुपये दंड आहे. वेगळं पावतीपुस्तक छापून घ्या, एवढं कृपा करून करा.

घरी सासूबाईंपुढे पत्ते पसरले. त्यांच्या माहेरी पडवीत डाव रंगायचे. त्यांनी एकेक पत्ता बोटांनी चाचपला, कडेवरून अंगठा फिरवला. "दिवसाचो डाव रामान सुरू करूचो, रातचो किसनान," म्हणाल्या. निम्म्या रंगांत दहिल्ला वरचढ आणि निम्म्यांत एक्का, हेही त्यांना धड आठवत होतं. मग बाराही पत्ते गोळा करून, पिसल्यासारखे करून माझ्या हातात दिले.

"मासे बरे आसत. मगे बाकीचे १०८ खंय?"