घराच्या लिलावानंतर बँकेने लावलेल्या खर्चावर हरकत: लोकपाल पोर्टल वापरल्यानंतरचा अनुभव

रिझर्व्ह बँकेचं तक्रार पोर्टल (सीएमएस), म्हणजे बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन नेण्याची सोय, आम्ही कोल्हापुरातल्या थकीत गृहकर्जांच्या प्रकरणांत बरेच महिने वापरतोय. आधी निकाल सांगून टाकतो: हिशेबाच्या वादासाठी पोर्टल कामाचं आहे, लिलावच बेकायदा ठरवायचा असेल तर निरुपयोगी. ‘घर घेतलं आणि वर भरमसाट खर्च लावला’ अशी तक्रार टाकली की ती बहुधा बंद होऊन येते. ‘अमुक तारखेला माझ्या खात्यात नावे टाकलेले १८,४०० रुपये कशाचे, बिल द्या’ असं लिहिलं की बँकेला त्या आकड्यावर बोलावं लागतं.

मूळ आधार सरफेसी कायदा २००२ चं (थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) कलम १३(७). कर्जदाराकडून वसूल करता येतो तो रीतसर झालेला खर्च. लिलावाच्या रकमेतून आधी तो खर्च जातो, मग कर्ज, आणि उरेल ते हक्कदाराला परत. म्हणजे फुगवलेला प्रत्येक रुपया एकतर तुमच्या शिलकीतून जातो किंवा उरलेल्या बाकीत चढतो. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो प्रश्न कायमचा मिटवला.

पोर्टल उघडण्याआधी शाखेकडून कागद मागा: कर्ज दिल्यापासूनचा पूर्ण खातेउतारा, १३(२) ची थकबाकी भरण्याची नोटीस, ताब्याचा पंचनामा, लिलावाची जाहिरात, विक्री प्रमाणपत्राची प्रत, लिलावाची रक्कम कशी वळती केली त्याचा तक्ता आणि प्रत्येक खर्चाचं बिल. इथे एक गोम आहे. खातं एनपीए (बुडीत-थकीत वर्गात) झालं की उताऱ्यावर व्याज चढायचं थांबतं, पण नोटिशीतली बाकी वाढतच असते. मधला फरक म्हणजे ‘अनअप्लाइड इंटरेस्ट’. त्याचा तक्ता वेगळा असतो आणि शाखा तो स्वतःहून देत नाही. दर आणि तारखांसह तो लेखी मागा. त्याशिवाय पुढची सगळी बेरीज अंदाजपंचे होते.

आता खर्चाच्या नोंदी. पहिली, सुरक्षा रक्षक. आधी सिम्बॉलिक ताबा होतो, म्हणजे दारावर नोटीस लागते आणि माणसं आत राहतच असतात. प्रत्यक्ष ताबा कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानंतर, बहुतेक वेळा तहसीलदारांच्या पंचनाम्याने मिळतो. रक्षकाचं बिल पंचनाम्याच्या तारखेच्या आधीचं असेल तर घरात कुटुंब राहत असताना बँकेचा रक्षक राखत काय होता, एवढंच विचारा. नंतरच्या बिलाला हजेरीपत्रक मागा. कुलूप आणि सील लावलेल्या फ्लॅटला दोन पाळ्यांत माणूस कशासाठी, हाही रास्त सवाल आहे.

दुसरी, जाहिरात. ताब्याची नोटीस सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. लिलावाची जाहिरातही दोन वर्तमानपत्रांत येते. त्या दिवसाचा अंक काढून बघा. एकाच चौकटीत सहा-सात कर्जदारांच्या मिळकती असतात आणि पूर्ण बिल मात्र एकाच खात्यावर, क्वचित प्रत्येकाच्याच खात्यावर, पडलेलं दिसतं. कात्रण जोडून ‘या जाहिरातीत सात मिळकती, माझा हिस्सा एक सप्तमांश’ असं लिहिलं की उत्तराला फारशी वाट उरत नाही. आमच्या मते सगळ्यात लवकर सुटणारा मुद्दा हाच.

तिसरी, घरफाळा आणि पाणीपट्टी. जाहिरातीच्या अटी नीट वाचा. ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ आणि ‘सर्व थकीत देणी खरेदीदाराकडे’ असं छापलं असेल, तर महापालिकेची तीच थकबाकी तुमच्या खात्यातही टाकणं म्हणजे एकाच देण्याची दोनदा वसुली. सोसायटीचा मेंटेनन्स आणि महावितरणची बाकीही याच पद्धतीने तपासा.

चौथी गोष्ट खर्चात दिसत नाही, पण पैसा तिथेच जास्त गळतो. लिलावात २५ टक्के रक्कम लगेच आणि ७५ टक्के साधारणपणे विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत येते. काही ठिकाणी ही रक्कम सस्पेन्स खात्यात (बँकेच्या तात्पुरत्या खात्यात) पडून राहते, विक्री प्रमाणपत्र निघाल्यावर कर्जखात्यात जाते, आणि तोवर कर्जावर व्याज चालूच. उदाहरण घ्या: लिलाव ४२ लाखांचा, दर साडेनऊ टक्के. ७५ टक्के म्हणजे ३१,५०,०००. त्यावर दिवसाचं व्याज सुमारे ८२० रुपये. चाळीस दिवस उशिरा जमा केले तर जवळपास ३२,८०० रुपये. पैसे बँकेच्या हातात आल्याची तारीख आणि कर्जखात्यात जमेची तारीख शेजारी शेजारी मांडा, बाकी काही लिहायची गरज नाही.

दंडाचं थोडं सांभाळून. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड-व्याज (दंड म्हणून व्याजदरातच घातलेली भर) बंद झालं, आता फक्त दंड-शुल्क. ते मुद्दलात मिसळून त्यावर पुढचं व्याज लावता येत नाही. जुन्या कर्जांना ही व्यवस्था लागू करायची अखेरची मुदत ३० जून २०२४ होती, त्यामुळे त्याआधीच्या नोंदींवर सरसकट बोट ठेवू नका. थकलेल्या नियमित व्याजावर चक्रवाढ लागणंही या परिपत्रकाने बंद केलेलं नाही. दंड-शुल्कावर जीएसटी नाही, हे जीएसटी विभागाच्या २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. आणि वैयक्तिक फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर ‘फोरक्लोजर चार्जेस’ (मुदतीआधी कर्ज मिटवल्याचं शुल्क) दिसले तर सरळ काढायला लावा.

पत्र शाखेत देऊन आवक शिक्का घ्या, एक प्रत मुख्यालयाच्या तक्रार कक्षाला स्पीड पोस्टाने पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेप्रमाणे बँकेला तीस दिवस द्यावे लागतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर योजनेतल्या मुदतीत पोर्टलवर जायचं (२०२१ च्या योजनेत ती एक वर्षाची होती). फी नाही. फॉर्म मोबाइलवर ओटीपी घेऊन उघडतो. दोन प्रश्नांवर लोक अडकतात: बँकेकडे आधी तक्रार केली का, आणि प्रकरण न्यायालयात आहे का. त्याच मुद्द्यावर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) दावा चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही. वकिलामार्फत केलेली तक्रारही चालत नाही, स्वतःच्या नावानेच टाका. मजकूर थोडक्यात ठेवा आणि एक तक्ता जोडा: तारीख, नोंदीचं नाव, रक्कम, हरकत, पुरावा पान क्रमांक. पोर्टलची खोड अशी की काही शाखा तक्रार पोचल्यावर तोच जुना उतारा पुन्हा पाठवून ‘उत्तर दिले’ म्हणतात. अशा वेळी कुठल्या ओळीला उत्तर मिळालं नाही ते ओळीनुसार परत कळवा, रागाचा मजकूर नको.

गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर या योजनेत ती बसत नाही. त्यासाठी राष्ट्रीय आवास बँकेचं ‘ग्रिड्स’ पोर्टल आहे. पतसंस्थेचं कर्ज असेल तर दोन्ही सोडा आणि सहकार खात्याच्या निबंधकांकडे जा. कोल्हापुरात पतसंस्था गल्लोगल्ली असल्यामुळे ही गल्लत फार होते आणि महिना-दोन महिने फुकट जातात.

नोटीस, मूल्यांकन किंवा ताबाच चुकीचा असेल तर सरफेसीच्या कलम १७ खाली ४५ दिवसांत पुण्याच्या डीआरटीत जावं लागतं. कर्जदाराची फी दहा लाखांवरील बाकीला ५,००० अधिक वरच्या प्रत्येक लाखाला २५० रुपये. २८ लाखांच्या बाकीला ९,५०० होतात, वकील वेगळा. लोकपालाच्या उत्तराची वाट बघताना हे ४५ दिवस थांबत नाहीत. म्हणून ताब्याची नोटीस हातात पडली त्या दिवशीच ठरवा की भांडण हिशेबाचं आहे की कारवाईचं.