फ्रोझन डेझर्टसाठी डबा पारदर्शक असावा की छापील कागदी?

फ्रोझन डेझर्टची नवी श्रेणी बाजारात आणणाऱ्याला लवकरच ठरवावे लागते की आतला पदार्थ ग्राहकाला थेट दिसू द्यायचा, की ते काम छपाईवर सोपवायचे. आमच्या श्रेणीसाठी मी दोन्ही प्रकारचे डबे वापरून पाहिले आणि शेवटी छापील कागदी डबा घेतला. तरीही पारदर्शक डब्याची बाजू लंगडी आहे असे मी म्हणणार नाही.

केक आणि क्रीमचे थर किंवा फळांच्या गराचे पट्टे पारदर्शक डब्यात जसे खुलतात, तसे छापील छायाचित्रात क्वचितच खुलतात. मात्र सगळेच स्वाद असे देखणे नसतात. व्हॅनिला, नारळ आणि साधे क्रीम शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत, आणि रंग न घातलेले पुदिन्याचे आइस्क्रीम जवळजवळ पांढरेच असते, हे ग्राहकाला पटवत बसावे लागते.

माझा निर्णय झाला तो याहून किरकोळ वाटणाऱ्या एका त्रासामुळे, म्हणजे झाकणाला आतून धरणाऱ्या हिमामुळे. साठवण उणे 18 अंश सेल्सिअसला ठरलेली असली, तरी दुकानातला फ्रीझर दिवसभर उघडला जातो, तापमान वरखाली होते, पदार्थाच्या पृष्ठभागावरच्या बर्फाची थेट वाफ होते आणि ती झाकणाच्या थंड भागावर पुन्हा गोठते. बाहेरचे हिम दुकानदार फडक्याने पुसतो. आतल्याला कोणीच काही करू शकत नाही. पदार्थ उत्तम असूनही डबा जुनाट दिसतो. आम्ही डब्यातली रिकामी जागा कमी केली आणि पदार्थाला चिकटून बसणारी पातळ फिल्म लावली. हिम घटले, पण वरून पदार्थ धूसर दिसू लागला, म्हणजे ज्यासाठी हा डबा घ्यायचा तेच गेले. शिवाय उजेडाने दुधाच्या स्निग्धांशाची चव बिघडते आणि बीटसारखे नैसर्गिक रंग फिकटतात, ही काळजी वेगळीच.

कागदी डब्यातही हिम धरते, हे मान्य करायला हवे. फक्त ते विक्रीच्या वेळी दिसत नाही. माल स्वतःच्या काउंटरवरून झपाट्याने संपत असेल, तर पारदर्शक डबा कदाचित अधिक शोभेल. तो परक्यांच्या फ्रीझरमध्ये पडून राहणार असेल, तर मी तरी तो धोका पत्करणार नाही.

कागदी डब्याचेही हट्ट आहेत. तळाकडे निमुळत्या होणाऱ्या डब्यासाठी सगळी मांडणी पंख्याच्या आकारात वळवावी लागते, उभ्या सांध्यापासून अक्षरे दूर ठेवावी लागतात, आणि रंग पडद्यावर पाहून मंजूर करण्याऐवजी प्रत्यक्ष छापलेला नमुना गोठवून पाहिलेला बरा, कारण हिमाच्या पातळ थराखाली बारीक, फिकी अक्षरे सर्वांत आधी हरवतात. आतून पॉलिथिनचा लेप असल्यामुळे ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द डब्यावर छापण्याचा मोहही आवरावा. घटक बदलले की छापलेला साठा वाया जातो, ही खरी गैरसोय. त्यावर उपाय म्हणून आम्ही डब्याचे अंग सर्व स्वादांना सारखे ठेवले आणि स्वादाचे नाव व घटकांची यादी झाकणावरच्या लेबलवर नेली. वरून उघडणाऱ्या आडव्या फ्रीझरमध्ये ग्राहकाला तसेही आधी झाकणच दिसते, त्यामुळे नाव तिथे ठळक असणे सोयीचेच ठरले.